आत्यासाठी उघडलेला पोर्ट

माझ्या मुलीच्या बारशाला औरादच्या आमच्या घरात सगळ्यांत जास्त घाई कुणाला होती असं विचाराल, तर मला. बायका पाळणा सजवत होत्या आणि तिचा बाप, म्हणजे मी, राऊटरपुढे मांडी ठोकून बसलो होतो. टेलिफोनच्या तारेवरून ब्रॉडबँड नुकतंच घरात आलं होतं आणि त्या डबीच्या पोटात काय काय आहे ते उघडून बघायचा मला नादच लागला होता.

त्या दिवशी मात्र नादाला कारण होतं. माझी धाकटी बहीण आखातात नर्स होती आणि तिला सुट्टी मिळाली नव्हती. आमच्याकडे बाळाच्या कानात कुर्र करून नाव सांगायचा मान आत्याचा, आणि तिनं नाव सांगितलं की बाकीच्या बायकांनी तिच्या पाठीत धपाटे घालायचे. नाव काय, फोनवरूनही सांगता आलं असतं. पण बाईसाहेब अडून बसल्या.

"फोटू लई बघितले, अण्णा. लेकरू हालताना बघितल्याबिगर मी नाव ठेवणार न्हाई."

तिच्या तिथं कॉम्प्युटरवरून बोलायच्या सगळ्या सोयींना बंदी होती. इकडे आईनं वेगळंच ठणकावलं, "पावणे उपाशी बसणार न्हाईत. दिसलं तर दिसलं, न्हाईतर चुलत आत्या हाय की." चुलत आत्या, म्हणजे माझी चुलत बहीण अक्का, हुलसूरहून नवी साडी नेसून आलीच होती. तिला मी मनातल्या मनात सकाळपासून शत्रू मानत होतो, बिचारीचा काही दोष नसताना.

मी बेत आखला तो असा. मॉनिटरवर बसवलेल्या वेबकॅमचं चित्र आमच्याच कॉम्प्युटरवरून एका वेबपानावर दाखवायचं आणि बहिणीनं तिकडे ब्राउझरमध्ये आमच्या घराचा इंटरनेटवरचा पत्ता टाकायचा. आवाज जाणार नव्हता, चित्रही थांबत थांबत बदलणार होतं, पण बाळ हलताना दिसलं असतं. मधे आडवा होता तो राऊटर. बाहेरच्या जगाला घराचा एकच पत्ता दिसतो, तो राऊटरचा. आतल्या कॉम्प्युटरचा पत्ता फक्त घरापुरता. आतून कुणी बाहेर काही मागितलं, तर ते कुणी मागितलं हे राऊटर ध्यानात ठेवतो आणि उत्तर बरोबर त्यालाच आणून देतो. याला नॅट म्हणतात. पण बाहेरून कुणी आपण होऊन आलं, तर ते कुणाकडे आलंय हे त्याला कळत नाही आणि तो त्याला दारातूनच वाटेला लावतो.

हे मी आईला मोठ्या उत्साहानं समजावलं. ती लसूण सोलत होती.

"मग आधीच सांगून ठेव की त्याला, माझी लेक येणार हाय म्हनून."

हे सांगून ठेवणं म्हणजेच पोर्ट फॉरवर्डिंग. मी कॉम्प्युटरला घरातला एक पत्ता कायमचा देऊन टाकला आणि राऊटरच्या पानावर लिहिलं, की ८० नंबरच्या पोर्टवर, म्हणजे त्या नंबरच्या दारावर, कुणी आलं की त्याला या पत्त्याकडे पाठव. सेव्हचं बटन दाबलं, हिरवे दिवे मिचमिचले, आणि मला आनंदानं बसवेना. राऊटर बंद पडला की बाहेरचा पत्ता बदलायचा, म्हणून त्याला इन्व्हर्टरवर टाकलं आणि कुणी हात लावायचा नाही अशी ताकीद दिली. बायको म्हणाली, "पोरीला कुनी बी उचलायलंय, ते चालतंय यांना."

बहिणीचा फोन आला तेव्हा तिला बाहेरचा पत्ता वाचून दाखवला. ड्यूटीत सवड मिळाली की बघते, म्हणाली. दिसलं की फोन कर, म्हणालो.

मग मी तोच पत्ता आमच्या कॉम्प्युटरवर टाकून बघितला. कॅमेरा दिसायच्या ऐवजी राऊटरचंच पान पुढं आलं आणि मलाच पासवर्ड विचारू लागलं. सगळं पुसून पुन्हा लिहिलं, पुन्हा तेच. फोन काही येईना. पाहुणे येऊ लागले. मी राऊटरला दोन शिव्या हासडल्या आणि मंडपात पाणी द्यायला गेलो. फार वाईट वाटत होतं.

त्रिशरण-पंचशील झालं. सगळे आत आले, चुलत बहिणीनं पाळण्यातून बाळ उचललं, आणि माझा मोबाईल वाजला.

"अण्णा, अक्काला सांग, लेकराला पाळण्यात ठेव. नाव मी ठेवणार हाय."

"तिनं उचललं हे तुला कसं कळलं?"

"बघायलेय की. मघापासून बघायलेय. तू डोकं धरून बसला होतास, ते बी बघितलं."

"मग फोन कामून केला न्हाईस?"

"फोन केला असता तर समदे नटून कॅमेऱ्यापुढं बसले असते. मला घर बघायचं होतं."

माझी चूक तेव्हा डोक्यात उजाडली. आमचा राऊटर घरातल्या माणसाला बाहेरून आल्यासारखं आत घेतच नव्हता. दार पहिल्याच खटक्याला उघडलं होतं आणि मी मात्र आत बसून तेच ठोठावत होतो. मी अख्ख्या घराला ओरडून सांगितलं, दिसायलंय, तिला दिसायलंय. चुलत बहीण माझ्याइतकीच खूश झाली आणि बाळाला घेऊन कॅमेऱ्यापुढं जाऊन उभी राहिली. मी फोन स्पीकरवर टाकला.

"अण्णा," बहीण म्हणाली, "तुम्ही समदे मंडपात होता तवा आई एकलीच कॅमेऱ्यापुढं येऊन काय बोलायली होती? नुसते ओठ हालताना दिसले."

सगळ्यांनी आईकडे बघितलं. आईनं पदर सावरला.

"काय न्हाई. जेवलीस का म्हनून इचारलं."

फोनवरून उत्तर आलं, "जेवले, आई."

मी मोबाईल बाळाच्या कानाशी धरला. कुर्र झालं, नाव सांगून झालं. आत्याची पाठ हाताशी नव्हती, म्हणून बायका माझ्या पाठीवर तुटून पडल्या. आई तेवढी आली नाही. ती मॉनिटरपाशी गेली आणि कॅमेऱ्याच्या डोक्यावर तिनं हलकीच चापट मारली.

चित्र तिकडे उशिरानं पोचायचं. आम्ही घुगऱ्या वाटायला घेतल्या होत्या, तेव्हा फोनमधून आवाज आला, "लागलं गं, आई."