काकूंनी कामाला लावलेलं जग

बोटवाल्या काकूंच्या घरात रशियाच्या बाहुल्या फोडणीचं सामान सांभाळायच्या. एकीच्या पोटात दुसरी, दुसरीच्या पोटात तिसरी, अशा त्या हातानं रंगवलेल्या लाकडी बाहुल्या. दुसऱ्या कुणी त्या काचेच्या कपाटात मांडल्या असत्या. काकूंनी थोरलीत मोहरी भरली, मधलीत जिरं, धाकटीत हिंग. शेंडेफळ मात्र भरीव होतं, त्याच्यात काही मावेना. त्याला फळीवर नुसतं बसवून त्या म्हणाल्या, "ही लहान हाय, हिला काम न्हाय."

काका मालवाहू बोटीवर इंजिनखात्यात होते. उन्हाळ्यात टँकरची वाट बघणाऱ्या आमच्या मुरूम गावातला माणूस समुद्रावर नोकरीला गेला, याचं गावाला भारी अप्रूप. म्हणून काकूंना बोटवाल्या हे नाव पडलं. त्या स्वतः सोलापूरच्या पुढं कधी गेल्या नव्हत्या. सुट्टीवर येताना काका दरवेळी एक वस्तू आणत आणि अंगणात बसून तिची कथा सांगत. बंदरावरचा बाजार, विकायला बसलेली म्हातारी, तिच्याशी केलेली घासाघीस, सगळं साग्रसंगीत. आम्ही शेजारपाजारचे तोंडाचा आ करून ऐकायचो. काकू ऐकता ऐकता त्या वस्तूला काम शोधत असायच्या.

आफ्रिकेतला लाकडी मुखवटा त्यांनी ज्वारीच्या रानात बुजगावण्याला बसवला. पाखरांचं माहीत नाही, पण सालगडी चांगलाच दचकायचा. पेरू देशातलं विणलेलं रंगीत कांबळं पोळ्याला बैलाची झूल व्हायचं. मिरवणुकीत सगळा गाव त्या बैलाकडं बघायचा आणि काकू तोऱ्यात म्हणायच्या, "आमचा राजा फॉरेनचा जावई हाय!"

खंडेनवमीला विळी, खुरपं, कुदळ यांच्या रांगेत ही परदेशी मंडळीही बसायची. सगळ्यांना सारखंच हळदकुंकू. एकदा त्यांच्या भाच्याचा पुण्याचा मित्र आला होता. मुखवट्याच्या कपाळावरचं कुंकू बघून तो कळवळला. "काकू, अहो, हाताने कोरलेलं काम आहे हे. डाग जायचे नाहीत. जपून ठेवा."

"जपायला ते काय आजारी हाय?" काकू म्हणाल्या. "राबतंय घरात. मग त्याला हळदकुंकू नगं?"

काका नोकरी सोडून कायमचे घरी आले आणि त्याच वर्षी झोपेत गेले. काकू रडल्या नाहीत. बायका म्हणायच्या, "रडा वो, मोकळ्या व्हा." काकू मान हलवायच्या आणि उठून भांडी विसळायला लागायच्या. मलाही तेव्हा रडू आलं नाही. त्यांच्याजवळ बसलं की नुसतं बधिर वाटायचं.

थोड्या दिवसांनी काकांचे बोटीवरचे एक सोबती रत्नागिरीकडून भेटायला आले. मी तिथंच शेंगा फोडत बसले होते. फळीवरच्या बाहुल्या दिसताच त्यांचा चेहरा उजळला. "अरे, ह्या तर मी आणलेल्या!"

काकूंचा भाकरी थापणारा हात थांबला.

"तो कधी खाली उतरायचाच नाही, वहिनी. बंदर आलं की झोपायचा. म्हणायचा, तुला कळतं, तूच तिच्यासाठी काहीतरी बघ. मी बाजार फिरून यायचो आणि काय काय बघितलं ते त्याला सांगायचो. सुट्टीवरून परत आला की तो मात्र तुमच्याबद्दलच बोलायचा. बाहुल्यांत मोहरी भरलीत म्हणे! सगळी बोट हसत होती तेव्हा."

भला माणूस. आपण वहिनींना चार सुखाचे शब्द सांगतोय असंच त्याला वाटत होतं. काकूंच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. "जेवून जावा, भाऊजी," एवढंच त्या म्हणाल्या. त्याला आग्रह करून वाढलं, वाटेसाठी शेंगदाण्याची चटणी बांधून दिली आणि दारापर्यंत पोचवून आल्या.

मग चुलीपुढं बसून त्यांनी मला विचारलं, "मग ह्यांनी काय आणलं गं माझ्यासाठी?"

काहीतरी बोलायला हवं म्हणून मी म्हणाले, "काकू, तुमच्या गोष्टी न्यायचे की ते तिकडं. सगळ्या बोटीला सांगायचे."

"ते न्हेलं त्यांनी. म्या इचारलं, आणलं काय?"

मी शेंगांचं सूप पुढ्यात ओढलं आणि पुन्हा फोडायला लागले. त्यांनी पुन्हा कधी विचारलं नाही. वस्तू पहिल्यासारख्याच राबत राहिल्या, काकूही. गेल्या थंडीत त्या गेल्या. मी माहेरी जाऊन आले, सगळ्यांना भेटले, आणि आत काहीच हललं नाही.

परवा माझ्या नवऱ्यानं साडी आणली. रंग छान होता. घडी मोडायच्या आधी मी विचारलं, "दुकानात तुम्ही स्वतः गेला होता ना?"