बाईंचा झिरा

कोरेबाई पाण्याचा पहिला घोट लगेच गिळत नसत. तो तोंडात धरून, डोळे मिटून क्षणभर गप्प बसत आणि मग निकाल देत. माझ्या घरी त्या पहिल्यांदा आल्या तेव्हा मी रीतीप्रमाणे तांब्या-भांडं पुढं ठेवलं. त्यांनी घोट घेतला, डोळे मिटले, उघडले आणि म्हणाल्या, "हे नळाचं न्हाय ओ भाऊसाहेब. टँकरचं हाय. आन टाकी धुवून लई दिवस झालेत."

दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. पत्नी गेल्यापासून गच्चीवरच्या टाकीचं झाकण मी उघडलंच नव्हतं. मी ओशाळलो. त्यांनी मात्र भांडं रिकामं केलं, पालथं घातलं आणि विचारलं, "शिडी कुटं हाय?" पुढच्या रविवारी साडीचा पदर खोचून, हातात खराटा घेऊन त्या माझ्या टाकीत उतरल्या होत्या आणि मी वरून बादली सोडत होतो. शेजारच्या गच्चीवरून लोक बघत होते. बाई टाकीतूनच ओरडल्या, "बगा बगा! तुमच्या टाकीत पण येते की, घाई करू नका!"

महानंदा कोरे मूळच्या दुधनीच्या. घरात कानडी, शाळेत मराठी, आणि सोलापूरच्या पूर्व भागातल्या विणकरांच्या मुलींना शिकवून शिकवून तेलुगूही तोंडी बसलेली. मुलींच्या एका शाळेत त्या पी.टी.च्या बाई होत्या. लग्न का केलं नाही, असं कुणी विचारलं तर म्हणत, "शिट्टी मारणारी बायको कुणाला पायजे ओ?" निवृत्तीनंतर त्यांनी एक वेगळंच काम सुरू केलं. ज्यांनी आयुष्यात पाठीवर पिशवी घेतली नाही अशा माणसांना त्या मुक्कामाच्या पायी सहलींना नेत. तंबू, शिधा, अंथरूण सगळं आपल्याच पाठीवर. कंबर तलावावर सकाळी फिरायला येणाऱ्या आम्हा म्हाताऱ्यांतून त्या माणसं निवडत. टाकी धुवून झाल्यावर, अंग पुसत, त्यांनी मला निवडलं. "बेटावर येताव का? समुद्रातलं बेट. वस्ती न्हाय, लाईट न्हाय, दुकान न्हाय."

"मला जमेल का?"

"टाकी धुवायला जमलं न्हवतं, ते जमलं की."

आज हे लिहायला बसलो ते त्या बेटासाठी. बाईंविषयी आमच्या ओळखीपाळखीत एकच गोष्ट शिल्लक राहिली आहे, की कोरेबाईंनी माणसं बेटावर नेली आणि खारं पाणी पाजलं. ती गोष्ट खरी नाही. ती खरी नाही हे गेल्या महिन्यापर्यंत मला एकट्यालाच ठाऊक होतं आणि माझं वय आता ऐंशीच्या पुढं आहे.

निघण्याआधी महिनाभर सराव चालला. वजनाची सवय व्हावी म्हणून बाई आमच्या पाठपिशव्यांत ज्वारी भरत आणि आम्हाला तलावाभोवती फिरवत. "काय आजोबा, दळण का?" असं पोरं विचारत. बाई सांगत, "व्हय, यांचंच दळण काढायचंय." निघायच्या आदल्या दिवशी त्यांनी सगळ्यांच्या पिशव्या उघडून जमिनीवर ओतल्या. आमच्याबरोबर फिरणाऱ्या जगतापसाहेबांच्या पिशवीतून इस्त्री निघाली. त्यांच्या पत्नी सुमनताईंच्या पिशवीतून छोटा कुकर निघाला. माझ्या पिशवीत पत्नीची शाल होती. ती थंडीच्या उपयोगाची नव्हती, पातळ होती. बाईंनी ती हातात घेतली, वजन केल्यासारखी वरखाली केली आणि परत पिशवीत ठेवली. इस्त्री आणि कुकर मात्र घरी राहिले. कडक भाकरी आणि शेंगाचटणी हवी तेवढी घ्यायची मुभा होती. "खांद्याला विचारून भरा," त्या म्हणत. "मनाला विचारलं तर मन घरच भरतंय."

बेट आंध्रच्या किनाऱ्याला होतं. बाईंची एक जुनी विद्यार्थिनी लग्न होऊन तिकडं गेली होती, तिच्यामुळं त्यांना ते सापडलं. अप्पन्ना नावाच्या कोळ्याच्या नावेतून आम्ही उतरलो. लांबच लांब, पण रुंदीला एवढंसं, किनाऱ्याला समांतर पडलेलं वाळूचं बेट. एका बाजूला उधाणलेला समुद्र, दुसऱ्या बाजूला आरशासारखी खाडी, मध्ये वाळूची टेकाडं आणि सुरूची झाडं. बाई टेकाडावर उभ्या राहिल्या, हात पसरले आणि म्हणाल्या, "एका कानात दर्या, एका कानात तळं. असं सोलापुरात कुटं मिळतंय सांगा." सोलापुरात समुद्रही नाही आणि पाणीही पाच-पाच दिवसांनी येतं. आम्ही सगळे हसलो.

पाणी दाखवायला त्या मला मुद्दाम घेऊन गेल्या, कारण माझं गाव करमाळ्याकडचं, सीना नदीकाठचं. उन्हाळ्यात नदी आटली की पात्रातल्या वाळूत खड्डा खणायचा, त्यात झिरपून येणारं पाणी भरायचं. त्याला आम्ही झिरा म्हणतो. बाईंनी सगळ्यात मोठ्या टेकाडाच्या पायथ्याशी गुडघे टेकले आणि हातानं वाळू उकरली. दोन वीत खोल गेल्यावर तळ ओला झाला, हळूहळू वाटीभर पाणी साचलं. त्यांनी वाटीनं ते अलगद उचललं, तोंडात धरलं, डोळे मिटले. त्यांचा चेहरा मी बघत होतो. मग वाटी माझ्यापुढं केली. "गिळू नका. धरा आदी."

मी धरलं. समुद्र हाकेच्या अंतरावर गर्जत होता आणि माझ्या तोंडात पावसाची चव होती.

"खाली सगळा समुद्र हाय," बाई म्हणाल्या. "त्याच्यावर हे पावसाचं पाणी सायीवानी बसलंय. आपुन साय काढायची, दूध ढवळायचं न्हाय. दोन वीत. साकु." साकु म्हणजे कानडीत पुरे. हा त्यांचा लाडका शब्द. जेवताना, चालताना, वर्गात पोरींचा दंगा वाढला तरी, साकु.

त्या संध्याकाळी खाडीकडं तोंड करून आम्ही कडक भाकरी मोडत बसलो होतो. वारा सुटला तेव्हा मी पिशवीतून शाल काढली आणि काय वाटलं कोण जाणे, बाईंपुढं धरली. त्यांनी ती खांद्यावर घेतली. "हलकी हाय," म्हणाल्या. "आणलाव ते बरं केलाव." आयुष्यात पुष्कळ संध्याकाळी आल्या आणि गेल्या. त्यातली एखादी परत द्या असं म्हणता आलं तर हीच मागेन.

दुसऱ्या दिवशी सगळे बाईंबरोबर बेटाच्या टोकाला कासवांच्या खुणा बघायला गेले. माझ्या टाचेला फोड आला होता, म्हणून मी तंबूपाशी राहिलो. बसून बसून कंटाळलो आणि झिऱ्याकडं गेलो. दोन वितींच्या त्या खड्ड्यात वाटीवाटीनं पाणी येई, सगळ्यांच्या बाटल्या भरायला फार वेळ जाई. मला वाटलं, आपण नदीकाठचे. लहानपणी आईबरोबर किती झिरे खणलेत. बाई परत येतील तेव्हा भरपूर पाणी करून ठेवू. आमच्याकडची रीत अशी, की खोल जायचं आणि आधी सगळं पाणी उपसून टाकायचं. झिरा जितका उपसावा तितकं पाणी नितळ आणि गोड येतं. मी ताटली घेऊन खांद्यापर्यंत हात जाईल इतकं खणलं. पाणी भराभर आलं. मी उपसलं. पुन्हा आलं, पुन्हा उपसलं. घामानं भिजलो, पण इतका आनंद मला कित्येक वर्षांत झाला नव्हता. शेवटी झिऱ्यात हातभर पाणी साचल्यावर मी घोट घेतला, बाईंसारखा तोंडात धरला.

खारट. समुद्राइतका नाही, पण खारट.

साय काढता काढता मी दूध ढवळलं होतं. आणि मग मी जे केलं ते खणण्यापेक्षा वाईट होतं. मी वाळू परत लोटली, खड्डा होता तसा दोन वितींचा केला, वरून हात फिरवला आणि तंबूपाशी येऊन बसलो. संध्याकाळपर्यंत निवळेल, असं स्वतःला सांगितलं.

निवळलं नाही. बाईंनी घोट घेतला आणि थुंकला. पुन्हा घेतला. वाटीकडं बघितलं, टेकाडाकडं बघितलं. सोबत आणलेलं पाणी आम्ही झिऱ्याच्या भरवशावर स्वयंपाकाला संपवलं होतं. मी तोंड उघडणार होतो. तेवढ्यात जगतापसाहेब म्हणाले, "हे काय ओ बाई? ह्या खड्ड्याच्या जिवावर आणलाव आम्हाला?" त्या आवाजानंतर माझं तोंड मिटलं ते मिटलंच.

बाईंनी आजूबाजूला चार ठिकाणी उकरलं. कुठं पाणी कमी, कुठं मचूळ. गोडं पाणी होतं ते त्या एका टेकाडाखालीच. सकाळी वारा इतका उठला की आम्हाला न्यायला येणाऱ्या अप्पन्नाला नाव घालता येईना. बाईंनी आपल्या बाटलीतलं उरलेलं पाणी घोटघोट करून सगळ्यांना वाटलं आणि स्वतः घेतलं नाही. सुमनताईंना तहान सोसवली नाही. त्या जाऊन झिऱ्याचंच पाणी पोटभर प्यायल्या आणि त्यांना उलट्या सुरू झाल्या. वारा पडून नाव आली तेव्हा त्यांना उचलून नावेत ठेवावं लागलं. किनाऱ्यावरच्या दवाखान्यात सलाईन लावल्यावर त्या सावरल्या. जगतापसाहेबांचा राग मात्र सावरला नाही. परतीच्या गाडीत ते सगळ्या डब्याला ऐकू जाईल असं बोलत होते. बाई एवढंच म्हणाल्या, "मी नेलं, जबाबदारी माझी." मी मध्ये काही बोलेन असं वाटून की काय, त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. "होगली बिडरी, भाऊसाहेब." जाऊ द्या, सोडा.

सोलापुरात गोष्ट पसरली. पुढच्या सहलीला कुणी नाव दिलं नाही. बाईंनी पाठपिशव्या शाळेला देऊन टाकल्या. माझ्याकडं मात्र येत राहिल्या. चहा घेता घेता मध्येच थांबत आणि विचारत, "भाऊसाहेब, आदल्या दिवशी गोड होतं न्हवं? तुमी पिलाव की."

"व्हय. गोड होतं."

"मग?"

"समुद्राचं काय सांगता येतंय," मी म्हणायचो.

पहिल्यांदा विचारलं तेव्हाच खरं बोललो असतो तर निभावलं असतं. पण मग त्या माझ्याकडं कशा बघतील, ही भीती. येणं थांबवतील, ही त्याहून मोठी. दर वेळी तेच उत्तर देत गेलो. एकदा चहाआधी पाण्याचं भांडं उचलून त्यांनी घोट घेतला आणि सरळ गिळला. मी बघत राहिलो. "काय झालं ओ?" त्यांनी विचारलं. "काही नाही," मी म्हणालो. त्यानंतर त्यांना पाणी तोंडात धरताना मी पाहिलं नाही. मी मुद्दाम टाकी धुवायची सोडून दिली. पाण्याला वास मारू लागला तरी थांबलो, की आज तरी म्हणतील, शिडी कुटं हाय. त्या पाणी प्यायल्या, भांडं पालथं घातलं आणि म्हणाल्या, "माझी जीभच गेली ओ भाऊसाहेब. त्या बेटावरच गेली असणार."

एकदा त्या म्हणाल्या, "परत जाऊन यायचं हाय. त्याच जागी खणून बघते. गोड लागलं तर माझी जीभ खरी. येताव का?" मी गुडघ्यांचं कारण सांगितलं. तिथं पाणी पुन्हा गोड झालेलं असणार, आणि मग त्या विचार करू लागतील की त्या दिवशी असं काय झालं होतं. म्हणून मी गेलो नाही, आणि त्यांनाही जाऊ दिलं नाही.

शेवटी आजारपणात त्या दुधनीला भाच्याकडं होत्या. मी सगळं सांगायचं ठरवूनच गेलो. खोलीत माणसं होती, कानडीत बोलणं चाललं होतं. बाईंनी मला ओळखलं की नाही, सांगता येणार नाही. भाचेसून म्हणाली, "पाणी पाजा की काका, माझ्या हातून घेत न्हाईत." मी चमच्यानं पाणी त्यांच्या तोंडात घातलं. त्यांनी ते गिळलं नाही. डोळे मिटून तोंडात तसंच धरलं. "गिळा की आत्या," सून म्हणाली. मी निकालाची वाट बघत बसलो. थोड्या वेळानं पाणी ओठांच्या कडेनं ओघळलं. मी रुमालानं पुसलं आणि न सांगताच परत आलो. आठवड्यात त्या गेल्या.

गेल्या महिन्यात मी जगतापांच्या घरी गेलो. साहेब वारले आहेत. सुमनताईंना मी पहिल्यापासून सगळं सांगितलं. ताटली, उपसणं, वाळू लोटणं. शेवटी म्हणाल्या, "मला परत जायचं होतं त्या बेटावर. बाईंना निरोपही धाडणार होते. ह्यांना आवडणार नाही म्हणून राहिलं." मग उठून आत गेल्या आणि माझ्यासाठी पाणी घेऊन आल्या.

टाकी आता मी माणूस लावून धुवून घेतो. पहिला घोट तोंडात धरतो. नळाचं की टँकरचं, मला अजून कळत नाही. डोळे मिटले की वाळू दिसते, टेकाडाच्या पायथ्याशी गुडघे टेकून वाटी पुढं केलेल्या बाई दिसतात, खांद्यावर पातळ शाल. मी तो घोट जमेल तितका वेळ धरून ठेवतो, कारण गिळला की त्या जातात.

बाई, पाणी गोड होतं. मी उपसलं.