अर्ध्या अर्ध्या गोळीची वाटणी

अजूनही आठवलं की माझं डोकं फिरतं.

आमचे हे तोफखान्यात होते. तोफांचे धक्के खाऊन खाऊन मेंदूला सूज आली, ती नोकरी सुटली तरी उतरली नाही. डोकं ठणकायचं, शब्द हरवायचे, नाचणगावच्या बाजारातून घर सापडायचं नाही. त्याच तोफेवरचा यांचा सोबती आमच्याच गल्लीत राहतो, त्याचंही तेच. दवाखान्यात दोन औषधं एकत्र देऊन पाहणार होते, तिथे दोघंही गेले. काहींना दोन्ही औषधं मिळणार, काहींना एकच आणि सोबत नुसती पिठाची गोळी, हे आधीच सांगितलं होतं; कोणाच्या वाट्याला काय, ते मात्र सांगणार नव्हते. आम्ही माना डोलावल्या.

सोबती सुधारला. एकटा पुलगावला जाऊन यायला लागला. आमचे हे होते तिथेच. मी जळायची, खोटं कशाला बोलू. मग हळूहळू हेही सावरले. एका सकाळी मला नावाने हाक मारली, तर तव्यावरची पोळी करपली तरी मी उभीच.

पुढच्या तपासणीत डॉक्टर भडकले. यांच्या रक्तात नसायला हवं ते औषध निघालं आणि सोबत्याच्या रक्तात कमी भरलं.

"हा आपली गोळी अर्धी करून मले देऊन राह्यला होता," हे शांतपणे म्हणाले. "तोफेवर जे येईन ते अर्धं अर्धं."

"मी बरा होऊ अन् हा तसाच राहीन, हे कसं जमन साहेब?" सोबती म्हणाला.

दोघांनाही बाहेर काढलं. उरलेल्या गोळ्या परत घेतल्या.

मी डॉक्टरवर तुटून पडले. "पिठाची गोळी काऊन चारली माह्या मानसाले?" ते म्हणाले, "अशी वाटावाटी झाली तर कोणतं औषध लागू पडतं ते कळणार कसं? पुढच्यांना काय द्यायचं?" त्यांचं बरोबर होतं, म्हणूनच अंगाचा तिळपापड झाला. घरी येऊन या दोघांनाही सोडलं नाही. फौज सुटली, ही खोड काही सुटली नाही मेल्यांची.

आता दोघं पुन्हा तसेच झालेत. काल संध्याकाळी सोबत्याला आमच्या ओट्यावरून घर सापडेना. "चाल, मी सोडून देतो," म्हणत यांनी त्याचा हात धरला. गल्लीच्या तोंडाशी जाऊन दोघंही उभेच. मी गॅस बंद करून, शिव्या देत गेले आणि दोघांचे दंड धरले.

यांनी माझ्याकडे पाहिलं, मग त्याला विचारलं, "हे बाई कोन आहे रे?"

"आपलीच असन," तो म्हणाला. "चाल."