चार टेपांची टेपवाली

टेपवाली चार कामं एकदम करायची आणि मला एकेका कामाला चार-चार शिव्या घालायची. एका शेगडीवर डाळ, दुसरीवर दूध, मान वाकडी करून खांद्यावर धरलेला फोन, आणि पायाने मांजर हाकलणं. मी निवांत भाकरी मोडत बसलो की म्हणायची, "ओ दिपूना बाप, तोंड चाली ऱ्हायनं ते हात बी चालू द्या. लसून सोला." दिपू आमची पोरगी, सुरतेला दिलेली. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही म्हणून आमच्याकडच्या बाया लेकराच्या नावाने हाक मारतात. शिवी मात्र बरोबर नवऱ्यापर्यंत पोचते.

टेपवाली म्हणजे माझी बायको. पौषात गेली. गावात, कळसाडीत, तिला कोणी दुसऱ्या नावाने ओळखत नव्हतं, आणि मला टेपवालीचा नवरा म्हणत. मी चौथीत शाळा सोडली, पुढे जन्मभर टेम्पो चालवला, नंदुरबारच्या बाजारात मिरची पोचवली. ती बारावी झालेली, वर शहाद्याला कॉम्प्युटरचा कोर्स केलेली. लग्नात माझ्याच चुलत्याने सगळ्यांच्या देखत म्हटलं, गाढवाच्या गळ्यात घड्याळ बांधलं. नवी नवरी, मान खाली, पण हळूच बोलली, "घड्याळ नही काका, घंटी. गाढव कोठे शे ते समजस." चुलता मरेपर्यंत तिच्याशी जपून बोलायचा.

ती साखर कारखान्यात कॉम्प्युटरच्या खोलीत होती. कारखान्याचं नाव लिहीत नाही. चेअरमनसाहेब जिवंत आहेत आणि त्यांची आठवण पक्की आहे. त्या खोलीतल्या कॉम्प्युटरात सगळ्या शिवाराचा ऊस होता. कोणाचं किती क्षेत्र, लागण कधी केली, आणि त्यावरून तोडीचा नंबर कितवा. नंबर आला की टोळी येते, ऊस तोडते, गाडी कारखान्यावर जाते. नंबर हुकला की ऊस उभ्या जागी वाळतो. या सगळ्या ढिगाऱ्याला ती डेटाबेस म्हणायची. कॉम्प्युटर मेला तर परत उभा करता यावा म्हणून रोज संध्याकाळी ती त्याची नक्कल टेपेवर काढायची. टेप म्हणजे जुन्या कॅसेटची काळी, जाड बहीण.

आधी एकच टेप असायची. ती भरेपर्यंत कळसाडीची एसटी निघून जायची, आणि मी मिरचीचा टेम्पो घेऊन शिंकत शिंकत तिला आणायला जायचो. मग चार टेपा घेणारं मशीन आलं. चारही टेपा एकाच वेळी भरायला लागल्या आणि बाई एसटीत खिडकीजवळ बसून घरी यायला लागली. कारखान्याने त्या मशीनला हार घातला. मी म्हटलं, हार मला घाला, माझं डिझेल वाचलं.

एकदा मी विचारलं, एकच गोष्ट चार टेपांत कशी जाते? तेव्हा आम्ही कपाशीच्या बांधावर होतो. तिने समोर हात केला. "दखा, चार बाया वावरमा उतरन्यात. एकेक पात धरी लिनी. चौथा हिस्साना येळमा वावर निंदाई जास. पन एक बाई जर बांधवर तंबाखू मळत बसनी, ते वावर निंदायनं म्हनशात का?" बांधावर तंबाखू मळत बसलेली बाई माझी सख्खी बहीण होती, म्हणून मी कपाशीकडे बघितलं. पण डोक्यात बसलं. चार टेपा म्हणजे चार नकला नव्हेत. एकाच नकलेचे चार तुकडे. तिचं वाक्य ठरलेलं होतं, "चारमधली एक नही, ते चारी नही." हे ती शिपायाला सांगायची, साहेबाला सांगायची, आणि एकदा चार साबणांच्या पाकिटात तीनच देणाऱ्या किराणा दुकानाच्या शेठलाही सांगितलं. त्याने घाबरून चार साबण दिले.

दिपूच्या लग्नाच्या आदल्या दिवशी घर पाहुण्यांनी भरलेलं, आणि ही संध्याकाळी पदर खोचून कारखान्यात निघाली. माझी बहीण ओरडली, "वहिनी, लगीन पोरनं शे का कारखानानं?" ही चप्पल घालता घालता म्हणाली, "पोर एकदाव जास. ऊस रोज जास." टेपा भरून आली, पाहुण्यांना वाढलं, भांडी आवरली, आणि मग न्हाणीत जाऊन नळ सोडून रडली. नळ यासाठी की कोणाला ऐकू जाऊ नये. मला गेलं.

मागच्या दिवाळीच्या तोंडावर तिचं पोट दुखायला लागलं. नंदुरबारच्या दवाखान्यात डॉक्टरने फोटो उजेडासमोर धरला आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, उशीर झाला बाबा. तिला सांगायला मी शब्द शोधत होतो, तर तीच म्हणाली, "समजनं मले. तोंड असं करू नका, डॉक्टरले वाटी तुम्हीच पेशंट शेतस."

कारखान्यात तेव्हा नवे साहेब आले होते, पुण्याकडचे, टायवाले. हिने त्यांच्याकडे चार टेपांचा दुसरा जोड मागितला होता. साहेब म्हणाले, चार कॉपी आहेत की आपल्याकडे मॅडम. तिने समजावलं, कॉपी नाहीत, तुकडे आहेत. साहेब हो हो म्हणाले. साहेबलोकांचं हो हो म्हणजे मोबाईलकडे बघणं असतं. ही दवाखान्यात पडल्यावर त्यांनी डोकं चालवलं. चारही टेपा एका ठिकाणी नकोत, आग लागली तर? म्हणून एक बँकेच्या लॉकरात, एक नंदुरबारच्या ऑफिसात, एक स्वतःच्या कपाटात आणि एक चेअरमनसाहेबांच्या बंगल्यावर. आणि गाळप सुरू झालं त्याच आठवड्यात विजेच्या पेटीत पाल शिरली. पाल मेली, आणि जाताना कॉम्प्युटरला सोबत घेऊन गेली.

साहेब सफरचंदं घेऊन दवाखान्यात आले. "मॅडम, नवा कॉम्प्युटर आणून टेप लावली, पण मशीन बाकीच्या मागतंय."

"बाकीच्या कुठे आहेत, साहेब?"

"एकदम सेफ. चार ठिकाणी."

तिने डोळे मिटले. मग माझ्याकडे वळून आमच्या बोलीत म्हणाली, "ह्या येडाले त्याना सफरचंद वापस दी टाका." साहेबांना वाटलं आभार मानते आहे. ते लाजून हसले.

साहेब गेल्यावर तिने माझा हात धरला. तेव्हा तिच्या हातात नुसती हाडं उरली होती, पण पकड जुनीच. कारखाना दोन दिवस नंबराविना चालला होता. "नंबर नही, ते ज्याना हात दांडगा त्याना ऊस आधी. चेअरमनना पुतण्यास्न्या ट्रॉल्या लागी बी गयात व्हतीन. बाकीनास्ना उभा वाळी जाई." मी म्हटलं, मरू दे ना कारखाना. ती म्हणाली, "मी मरसूच. पन लोकेस्ना नंबर बुडाडीसन नही मरानं मले. टेपा गोळा करा."

मी टेम्पो काढला. साहेब बाजूला बसले, टायला मिरचीचा वास लागेल म्हणून ती खिशात घातली. तीन टेपा सुखाने मिळाल्या. चौथी बंगल्यावर. चेअरमनबाईंनी आम्हाला सरळ देवघरात नेलं. चौरंगावर लाल कापड, त्यावर टेप, टेपेला हळद-कुंकू, अक्षता, झेंडू. म्हणाल्या, "आमना साहेबनी सांगं, बठ्ठा कारखाना ह्यानामा शे. मंग हाई लक्ष्मीच ना भाऊ? लक्ष्मीपूजनले मांडी." टेपेला एका कडेला बारीकसं दार असतं. त्या दाराच्या फटीत तांदळाचा दाणा अडकला होता आणि कुंकू पार आत गेल्यासारखं दिसत होतं.

साहेब खिशातली टाय काढून घाम पुसायला लागले. मी दवाखान्यात फोन लावला. तिने ऐकून घेतलं आणि हसायला लागली. हसता हसता खोकला लागला, नर्स ओरडली, तरी थांबेना. मग एकदम शांत होऊन सांगितलं, "फुकू नका, थुंकी जाई. साहेबले हात लावू देऊ नका. दार उघडू नका. दार खाले धरा आनि हलकीशी टिचकी मारा. मंग कोरडा फडका." मी टिचकी मारली. दाणा पडला. कुंकू थोडं पडलं, थोडं माझ्या बोटांना लागलं, आणि आत किती राहिलं ते देवाला ठाऊक. चेअरमनबाई म्हणाल्या, लक्ष्मी घरातून अशी जाऊ देत नाहीत, आधी नारळ फोडा. फोडला.

दुपारी चारही टेपा मशीनमध्ये गेल्या. ऑपरेटर पोरगी म्हणाली, नाना, उद्या सकाळपर्यंत कळेल, कुंकवाच्या टेपेचं काही सांगता येत नाही. मी दवाखान्यात परतलो. ती वाटच बघत होती. काय झालं? मला वाटलं, बाईला रात्रभर झोप लागली पाहिजे. मी ठोकून दिलं, "तीन झाल्या. एकच बाकी आहे, तीही होईल."

तिने उशीवर मान वळवली. "तीन व्हयन्यात?"

"तीन."

"एक एक करीसन नही व्हतस त्या, दिपूना बाप. चारी संगे चालतस, चारी संगे सरतस. खोटं बोलानं ते जरा शिकीसन बोलानं." आणि माझ्या हातावर थोपटलं. मग झोपली. जागा मी राहिलो.

सकाळी ऑपरेटर पोरीचा फोन आला. "मॅडम, चारही वाचल्या." तिने पोरीची लगेच सुटका केली नाही. म्हणाली, लहान खातेदार काढ एखादा. पोरगीने धानोऱ्याच्या एका म्हातारीचं नाव उघडलं. क्षेत्र, लागणीची तारीख, तोडीचा नंबर, सगळं वाचून दाखवलं. ही डोळे मिटून ऐकत होती, जसं कोणी पोथी ऐकावी. "बराबर शे," म्हणाली. "चालू करा." फोन माझ्या हातात दिला. "आते घर चला."

डॉक्टर नको म्हणत होता. मी सही केली. टेम्पोत गादी टाकली, दिपू सुरतेहून आली होती, तिला पुढे ड्रायव्हरशेजारी बसवलं. टेम्पो भाच्याला चालवायला दिला आणि मी मागे तिचं डोकं मांडीवर घेऊन बसलो. तापी ओलांडली. कारखान्याच्या फाट्याच्या अलीकडे टेम्पो थांबला. पुढे उसाच्या ट्रॉल्या आणि बैलगाड्या, नजर पोचेल तिथपर्यंत. रस्ता असा भरलेला की सायकल निघायची नाही.

मी खाली उतरून शिव्या द्यायला लागलो. एका ट्रॅक्टरवाल्याने आत डोकावून तिला ओळखलं. हातातली विडी टाकली. "टेपवाली माय शे रे!" असं ओरडला. "नाना, आम्ही बाजूले सरकाडतस, तुम्ही निंघा." पुढच्याने गाडी सुरू केली, बैल वळवायला लागले.

आतून आवाज आला, बारीक पण जुन्या धारेचा. "कोनी सरकानं नही. नंबरवारी लागेल शेतस ना? मंग आमनी गाडी बी मांगेच ऱ्हाई. रांगना मझार घुसानं नही."

मी म्हटलं, बाई, तुझी तब्येत बघ. तर म्हणते, "तुमले काय घाई? मिरची थोडीच नासी ऱ्हायनी."

मग मी परत वर चढलो. तिचं डोकं मांडीवर घेतलं. ट्रॅक्टरवाल्याने सोललेल्या उसाचं कांडं दिलं, तिने नुसतं ओठाला लावलं. बाहेर माणसं एकमेकांना नंबर विचारत होती, बैलांच्या गळ्यातली घुंगरं वाजत होती, ऊन गादीवर आलं होतं. घरी पोचून पुढे काय होणार ते मला माहीत होतं. जन्मभर रांगेला शिव्या घालणारा माणूस मी, त्या दिवशी मनात म्हणत होतो, ही रांग जागची हलू नये.

पण नंबर लावायचं काम तिचं होतं. रांग भराभर सरकली.