सासूच्या कमरेची नागीण
नागीण उतरवणाऱ्या म्हाताऱ्याने चघळलेला कडुलिंबाचा पाला सासूच्या कमरेवर थुंकला आणि तंबाखूचा वास मारणारी ती हिरवी लाळ फुटलेल्या फोडांवरून ओघळली. "सूनबाई, हातानं पसर," तो म्हणाला. मी नाक मुरडलं. सासू कण्हत होती, तरी बोललीच, "नाक काहून मुरडून राहिली? नागिनीचं तोंड शेपटीले भेटलं तं मी मेली समज." इंग्रजांच्या अमलातली गोष्ट, अकोटजवळ आमचा भाजीचा मळा होता. फोडांचा अर्धा वेढा पडला होता, आणि उरलेलं अंतर सासू रोज सकाळी माझ्याकडून सुतानं मोजून घ्यायची. मी तो चोथा पसरवला, किळस आली म्हणून घाईत हात पदराला पुसला आणि त्याच पदराखाली तान्ह्या पोरीला पाजायला घेतलं. पंधरा दिवसांनी पोरीच्या अंगभर कांजण्या उठल्या. म्हातारा म्हणाला, "तुनं किळस केली, म्हून नागीन रुसली." मी पोरीला घेऊन थेट अकोटचा सरकारी दवाखाना गाठला. डॉक्टर म्हणाले, "बाई, म्हातारीला लहानपणी कांजण्या झाल्या असतील. तेच दुखणं अंगात दबून राहतं आणि नागीण होऊन उठतं. त्या फोडांच्या पाण्यानं पोरीला कांजण्या झाल्या. आणि नागीण एकाच बाजूला राहते, वेढा पुरा करत नाही." आता माझी नात त्या दबून राहणाऱ्या दुखण्याला विषाणू म्हणते. म्हणू दे, मला अजून ती थुंकीच आठवते. सासू त्यानंतर अठरा वर्षं जगली. पोरगीही जगली.