बकरी, सांड आणि ताईचे बिबडे

ताईचं लग्न धुळ्याकडच्या एका गावात ठरलं आणि आईची झोप उडाली. सुरतेत वाढलेल्या पोरीला खानदेशातलं काय येतं, असं व्याही मंडळी म्हणणार, ही तिची धास्ती. म्हणून तिने ठरवलं, रुखवतात ज्वारीचे बिबडे न्यायचे, तेही ताईच्या हातचे.

सुरतेच्या भेस्तान भागातल्या आमच्या खोलीपुढे दोघींनी खाटा टाकल्या, वर बाबांच्या कारखान्यातलं डागी कापड अंथरलं आणि ओल्या हातांनी बिबडे थापले. पापडच ते, पण जाडसर. उन्हात चांगले कडक वाळावे लागतात. चूक एवढीच झाली की आई गावाच्या हिशोबाने वागली. गावाकडे गुरं दावणीला असतात. इथे माणसं कारखान्याच्या पाळीला बांधलेली आणि गल्लीतला सांड मोकळा. दुपारी तो आला आणि अर्धी खाट फस्त करून गेला.

दुसऱ्या दिवशी बाबा आणि शेजारचे लूमवाले काठ्या घेऊन दबा धरून बसले. सांडाने नुसती मान झटकली, तर एकाची सायकल गटारात. त्यात कोपऱ्यावरचा किराणावाला ओरडला, "महादेवनो पोठियो छे, मारशो नहि!" महादेवाच्या नंदीवर काठी कोण उगारणार? झालं, आमचे शूरवीर उंबऱ्याच्या आत!

आई रडायच्या बेतात होती. तेवढ्यात आमची बकरी पुढे झाली. दुधासाठी पाळलेली, अंगाने काडी आणि एक नंबरची चोरटी. या बिबड्याची कड, त्या बिबड्याची कड कुरतडत तिने एक अख्खा बिबडा उचलला, सांडाच्या नाकासमोरून मिरवत नेला आणि दोन खोल्यांमधल्या अरुंद बोळात शिरली. खाटभर बिबडे समोर असताना त्या बैलोबाला नेमका तोच हवा! डोकं खाली घालून तो मागोमाग घुसला आणि शिंगं दोन्ही भिंतींत अडकली. पलीकडच्या तोंडाशी बकरी त्याच्याकडे बघत कुरुमकुरुम खात होती. तो हंबरत, घासत, उलटा बाहेर निघेपर्यंत आई आणि ताईने खाटा घरात नेल्या. हसून हसून माझ्या पोटात दुखायला लागलं.

"बकरीले काय समजस! घाबरीसन पळनी ती," बाबा म्हणाले.

"तुमले तरी काय समजस?" आई म्हणाली.

त्यानंतर आई रोज बकरीला खाटांपाशी बसवायची. सांड तिला बघितलं की दुरूनच वळायचा.

लग्नात रुखवत मांडलं. विहीणबाई धिप्पाड, आवाज खणखणीत. त्यांनी नेमका कड कुरतडलेला बिबडा उचलला. आईचा चेहरा पांढराफटक पडला.

"हाई कोनी खादं व माय?"

नवऱ्या मुलीने मान खाली घालून बसायचं, ही रीत. पण ताईने मान वर केली.

"बकरीनी," ती म्हणाली.

आणि मग तिने सगळी गोष्ट सांगितली, घरातल्या अहिराणीत, हातांची शिंगं करून. सांड अडकला तिथे मांडवातल्या बायका पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. विहीणबाईंच्या डोळ्यांतून पाणी आलं. हातातल्या बिबड्याचा तुकडा मोडून त्यांनी तोंडात टाकला.

"इतली हुशार बकरी तुमना घर, मंग पोरगी कशी व्हई!"

आईने मला जवळ बोलावलं आणि स्वतःसाठी जेवणाचं ताट आणायला सांगितलं. सकाळपासून तिच्या घशाखाली घास उतरला नव्हता.