लाखेनं चिकटवलेला बोल्ट

पुंजाजी रोज सकाळी चहाआधी चष्मा उतरवत आणि त्याच्या दांडीचा कणीएवढा स्क्रू नखानं जरासा सैल करून पुन्हा बसवत.

"काऊन छळता त्याले? चांगला बसला हाय ना," रुखमाबाई विचारत.

"बसूनच राहू देला का मंग उठत नाही तो. तुह्या भावावानी."

रुखमाबाई चुलीकडं तोंड फिरवून हसत.

पुंजाजी वडनेर भोलजीच्या माळ्याच्या घरातले. मळ्यात वांगी-मिरची होई, पण विहिरीला पाणी अर्धं वर्ष. घर चालत होतं ते नांदुऱ्याच्या कापसाच्या जिनातल्या फिटरकीवर. अडकलेला, घासलेला, मधेच तुटलेला बोल्ट काढावा तो त्यांनीच. कुणी मागून "लाव जोर" म्हटलं की ते पान्हा खाली ठेवत आणि त्या माणसाकडं, वाळलेल्या वांग्याकडं पाहावं तसं पाहत.

त्याच गावात भगवंतराव देशमुख राहत. सदतीस साली त्यांनी अकोल्याच्या बदली झालेल्या एका साहेबाकडून मोटारसायकल घेतली. ती चालवणं त्यांना फारसं जमलं नाही. तिच्याजवळ उभं राहणं मात्र उत्तम जमलं. दसऱ्याला ते तिची पूजा करत, आणि वखर-गाडीला लावावं तसं जवसाचं तेल स्वतःच्या हातानं एकेका बोल्टला पाजत. जवसाचं तेल लाकडाला राखतं. लोखंडाच्या आट्यांत मात्र ते वाळून रोगणासारखं घट्ट होतं, आणि इंजिनाच्या उष्णतेत तर भाजूनच निघतं. तीन दसरे असे गेले. पुंजाजी सोडून हे कुणाला ठाऊक नव्हतं, आणि पुंजाजींना कुणी विचारलं नव्हतं. देशमुखांच्या भक्तीत चूक काढणार कोण?

चौथ्या वर्षी गाडीचा दम उखडला. सिलिंडर आणि त्याचं वरचं झाकण यांच्या सांध्यातून हवा सुटायला लागली. झाकण उघडायचं म्हणजे चार बोल्ट काढायचे. देशमुखांचा पुतण्या शेषराव नांदुऱ्याच्या जिनाचा मॅनेजर होता. नागपुरात दोन वर्षं शिकून त्यानं एक मनगटी घड्याळ आणलं होतं. बाकी काही आणल्याचं कुणाच्या पाहण्यात नाही. त्यानं चुकीच्या मापाचा पान्हा लावला, पान्ह्यावर पहार चढवली आणि लोंबकळला. बोल्टचं डोकं घासून गोल झालं, मग बोल्ट मधोमध तुटला. वरचा तुकडा हातात, खालचा सिलिंडरमध्ये. आसपास कुणी नाही असं पाहून शेषरावानं वरचा तुकडा लाखेनं परत जागेवर चिकटवला आणि काकांना सांगितलं, "हे फिटरचं काम. पुंजाजीले बोलवा."

देशमुख जिनातले मोठे भागीदार. त्यांच्या गाडीचा बोल्ट पुंजाजींच्या हातून तुटला असता, तर फिटरकी त्याच दिवशी संपली असती.

सकाळी अंगणात दहा-बारा माणसं जमली. यांना गाडीचं काही कळत नव्हतं, पण देशमुखांच्या अंगणात दिसणं हेही एक काम होतं. पुंजाजी उकिडवे बसून नुसतं पाहत राहिले.

"काय बे पुंजाजी, बोल्ट काढून राह्यला का दर्शन घेऊन राह्यला?" शेषराव म्हणाला. पुंजाजी त्याच्या बापाच्या वयाचे होते. माणसं हसली.

एका बोल्टच्या कडा ताज्या घासलेल्या होत्या. बुडाशी केसाएवढी लाल रेघ. पुंजाजींनी नाक जवळ नेलं, मग पान्हा जमिनीवर ठेवला.

"मालक, हा बोल्ट तुमी काढा."

"मी? मंग तुले कायले बोलावलं?"

"गाडी तुमची, तेल तुमच्या हातचं. पयला हात तुमचाच पाह्यजे."

हे सगळ्यांना पटलं. देशमुखांनाही पटलं, त्यांनी बाही वर केली. "आण पान्हा."

"पान्हा नाही लागत. बोटानं येते तो."

देशमुखांनी दोन बोटांत धरून ओढलं आणि अर्धा बोल्ट मुळ्यासारखा वर आला. टोकाला लाखेचा लाल गोळा.

"मालकाच्या हाताले यश हाय!" मागून कुणीतरी म्हणालं. त्याला अजून काही कळलं नव्हतं.

"हे कोनं केलं?" देशमुखांनी विचारलं.

"ते मले काय मालूम," पुंजाजी म्हणाले. "लाख मात्र जिनाच्या कचेरीतली हाय. लिफाफ्यावर शिक्का माराची."

कचेरीच्या खणाची चावी शेषरावाकडं असे. तो घड्याळाला चावी द्यायला लागला. देशमुखांनी पुतण्याकडं पाहिलं, माणसांकडं पाहिलं, "बाकीचं काढ" म्हणाले आणि आत गेले.

पुंजाजींनी दिव्याच्या ज्योतीनं उरलेले तीन बोल्ट तापवले, आतलं भाजलेलं तेल सैल केलं, रॉकेल सोडलं, हलक्या हातानं ठोकलं. ते निघाले. झाकण उचललं. चौथ्याचा तुकडा सिलिंडरच्या पृष्ठभागाशी सपाट, धरायला काहीच नाही. त्यांनी त्याच्या मधोमध खूण पाडली, हातानं फिरवायच्या ड्रिलनं बारीक भोक केलं. जुन्या कानशीची घडवलेली चौकोनी, निमुळती खुंटी त्यात ठोकून बसवली. मग ती डावीकडं केसभर, परत उजवीकडं, रॉकेल, पुन्हा डावीकडं. ऊन डोक्यावर आलं. माणसं केव्हाच पांगली होती. ज्यात कुणी लोंबकळत नाही असं काम पाहायला कोण थांबतं? शेवटी तुकडा स्वतःहून फिरत वर आला. सिलिंडरच्या आट्यांवर ओरखडाही नव्हता.

तिसऱ्या दिवशी जिनातून निरोप आला की फिटरची गरज नाही. बोल्ट तोडणारा खुर्चीत राहिला, दाखवणारा गेला. अंगणात हसलेली तीच माणसं पारावर सांगू लागली, "पुंजाजीनं गप राह्याले पाह्यजे होतं."

पुंजाजींनी सडकेच्या कडेला चार टिनं उभी करून दुकान मांडलं. सायकली येत, तेलाची इंजिनं येत, कधी मलकापूरकडं जाणारी लॉरी थांबे. पहिली दोन वर्षं रुखमाबाईंनी मिरच्या विकून रेटली. पुढं माणसं खामगावाहून यायला लागली. ऐन हंगामात जिनाचा मोठा बोल्ट अडकला तेव्हा शेषरावानं माणूस धाडला. "पान्ह्यावर पहार चढवा म्हणा," पुंजाजींनी निरोप दिला, "आणि लोंबकळा."

एकोणपन्नासच्या मार्गशीर्षात एका दुपारी जेवून ते टिनाच्या सावलीत आडवे झाले आणि उठलेच नाहीत. त्याच दिवशी सकाळी भाजीवाल्या कडूबाची सायकल त्यांच्यासमोर उलटी करून ठेवलेली होती. दोन गडी देशमुखांची मोटारसायकल ढकलत आले. पुन्हा एक बोल्ट तुटला होता. मागून घाम पुसत खुद्द भगवंतराव.

"पुंजाजी, जरा लवकर पाह्य बाप्पा."

पुंजाजींनी मान वर केली नाही.

"बाकड्यावर बसा, मालक. तुमच्या आंधी कडूबाची सायकल हाय."